परग्रह, जोडतारे आणि मराठवाड्यातलं आकाश: इथे बसून खरं काम होईल का?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला, एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी प्रकल्प करायचा आहे आणि विषय आत्ताच ठरवायचा आहे. मला परग्रहांवर काम करायचंय, म्हणजे सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर. त्यातही ज्या ताऱ्याला दुसरा तारा जोडीदार आहे, अशा ठिकाणचे ग्रह.

हे डोक्यात बसलं ते माउंट अबूच्या एका बातमीमुळे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची गुरुशिखरावर वेधशाळा आहे. तिथल्या अडीच मीटर दुर्बिणीला 'पारस-२' नावाचा वर्णपटमापक, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मोजणारं यंत्र, जोडलाय. त्यावर टीओआय-६०३८ए बी हा ग्रह पक्का झाला. पृथ्वीच्या साडेसहा पट त्रिज्येच्या आतबाहेर आणि पावणेसहा-सहा दिवसांत एक फेरी. आणि त्याच्या ताऱ्याला लांबवर एक जोडीदार तारा आहे. तेव्हापासून मिळेल ते वाचतोय.

आमच्या विभागात दुर्बीण नाही. मार्गदर्शक सर चांगले आहेत, विरोध करत नाहीत, पण त्यांचा प्रश्न सरळ आहे: "विषय भारी आहे बाबा, पण इथं बसून तू मोजणार काय?" पातळ थरांवर प्रकल्प घेतला तर उपकरणं आहेत, मागच्या मुलांच्या वह्या आहेत, गुण मिळतील.

एका मित्राकडे पाच इंची दुर्बीण आणि मोटारवर चालणारी बैठक आहे, ती मिळेल. गावाकडचं आकाश काळं आहे. यावर काही खरं, मोजता येण्याजोगं काम होईल का? की नुसतं दुसऱ्यांचं वाचून लिहायचं? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

गोदातीर

वाचतेय. माझा लेक लातूरला अकरावीत आहे, त्यालाही धाग्याचा दुवा पाठवला.

मास्तर_अंबाजोगाई

पूर्णाकाठ, आधी तुमच्या मूळ प्रश्नाच्या जरा बाजूचं सांगतो. मी पस्तीसेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. जोडताऱ्यांचा विषय आपल्याकडे परका नाही, हे पोरांना पटवायला मला कधी फळा लागला नाही. सप्तर्षीच्या शेपटातला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून अरुंधती. चैत्र-वैशाखात रात्री मैदानावर नेलं की डोळे चांगले असलेल्या पोराला दोन्ही लगेच दिसतात.

पुढचं ऐकण्यासारखं आहे. १६१७ साली गॅलिलिओच्या शिष्याने, कास्तेल्लीने, दुर्बिणीतून पाहिलं तर एकटा वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघाला. १८८९ साली हार्वर्डला पिकरिंग यांनी त्यातल्या एकाचा वर्णपट तपासला. त्यातल्या रेषा काही दिवस दुहेरी होत आणि परत एक होत. म्हणजे तोही जोडतारा, दुर्बिणीतही न फुटणारा. वर्णपटावरून ओळखलेला हा पहिला जोडतारा. दुसरा घटकही पुढे तसाच निघाला. २००९ साली अरुंधतीलासुद्धा एक अंधुक जोडीदार सापडला. आपण ज्याला नवराबायको म्हणतो तिथे सहा तारे आहेत.

त्यामुळे 'जोडीदार असलेला तारा' हा अपवाद समजू नका. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना एक तरी जोडीदार आहे.

नळदुर्गी

मास्तर, मावसभावाच्या लग्नाचा मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. भटजींनी मांडवाच्या पत्र्याकडं बोट करून "अरुंधती दिसली का?" विचारलं. वहिनी म्हणाल्या, "दोन-दोन दिसायल्यात." तुमच्या हिशोबानं त्यांना चार कमीच दिसल्या म्हणायच्या 😀

सिंदफणा

रामराम. मी माजलगावकडचा, शेती करतो. आमच्याकडं थ्री फेजची लाईट आठवड्यातून काही दिवस रात्रीचीच असती, त्यामुळं हरभऱ्याला, उसाला पाणी द्यायला रात्र रात्र रानात असतोय. आकाश जेवढं मी बघायलो तेवढं शहरातल्या कुणी बघितलं नसल. उन्हाळ्यात अगदी दक्षिणेला, खाली टेकलेले दोन ठसठशीत तारे दिसतेत, जवळजवळ. पोरानं मोबाईलवर बघून सांगितलं, त्यातला एक मित्र तारा, सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, ग्रह तर दिसत नाही म्हणता, मग तो आहे हे कशावरून? आणि दुसरं, तारेच दोन असले तर ग्रहानं फिरायचं कुणाभवती? तो फेकला जात नाही का?

दुहेरी_कक्षा

सिंदफणा दादा, तुम्ही विचारलेल्या दोन प्रश्नांवरच माझं पोट चालतं, म्हणून सविस्तर लिहितो. मी मूळचा औसा तालुक्यातला, सध्या बाहेर एका वेधशाळेच्या गटात याच विषयावर काम करतो.

ग्रह आहे हे कशावरून? नागपंचमीला एक थोराड पोरगी आणि एक लहानगी फुगडी घालतात तेव्हा लहानगी मोठ्या वर्तुळात भिरभिरते, पण थोरलीही जागेवर स्थिर नसते, तिचाही छोटा फेर असतो. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही असा फेर धरतो. तो आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या प्रकाशाच्या रेषा किंचित निळ्याकडे सरकतात, दूर जातो तेव्हा तांबड्याकडे. गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर हलतो, पृथ्वीमुळे फक्त ९ सेंटिमीटर. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून महाश्वातल्या ५१ पेगासी या ताऱ्याचं हे हलणं पकडलं. गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह ४.२ दिवसांत फेरी मारत होता. त्याबद्दल त्यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

दुसरी रीत अधिक्रमणाची. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड थोडा घटतो. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गेला तर शेकडा एक. पृथ्वीएवढा गेला तर दहा हजारात एकापेक्षाही कमी. केपलर आणि टेस या अवकाश दुर्बिणींनी बहुतेक ग्रह असेच शोधले. २०२५ च्या सप्टेंबरात पक्क्या ग्रहांची संख्या ६००० झाली.

आता दोन तारे असतील तर. ग्रहाला दोन ठिकाणी आसरा मिळतो. एक तर तो दोघांतल्या एकाला चिकटून फिरेल. ताऱ्यांची कक्षा गोलाकार असेल तर त्यांच्यातल्या अंतराच्या साधारण चौथ्या हिश्शापर्यंतची जागा सुरक्षित असते. कक्षा लांबुडकी असेल तर ती आणखी आक्रसते. किंवा तारे एकमेकांना खेटून असतील तर ग्रह दोघांना मिळून बाहेरून वळसा घालेल, पण त्याने ताऱ्यांमधल्या अंतराच्या दोन ते चार पट लांब राहिलं पाहिजे. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात गेला तर फेकला जातो, तुमचा अंदाज बरोबर आहे.

तुम्ही रानातून पाहता तो मित्र तारा हेच उदाहरण आहे. डोळ्याला एक दिसतो पण ते दोन तारे आहेत, ८० वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी. जवळ येतात तेव्हा पृथ्वी-सूर्य अंतराच्या ११ पट, लांब जातात तेव्हा ३६ पट. त्यामुळे तिथे ग्रहाला दोन-अडीच पटींच्या आतच राहावं लागणार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या चमूने त्यातल्या 'ए' ताऱ्याजवळ, साधारण दोन पटींवर, शनीएवढ्या वजनाच्या ग्रहाचा संशयित ठिपका जाहीर केला. तो एकदा दिसला आणि पुढच्या दोन प्रयत्नांत दिसला नाही, त्यामुळे अजून पक्का नाही. तिसरा, लांबवरचा अंधुक साथीदार प्रॉक्सिमा. त्याच्याभोवती मात्र २०१६ पासून एक ग्रह माहीत आहे, ११.२ दिवसांची फेरी.

पूर्णाकाठ, तुझ्यासाठी खरी गोष्ट पुढे आहे. जोडीदार तारा ही ग्रहाच्या संशोधनातली शोभेची भर नव्हे. जोडीदार माहीत नसेल तर ग्रहच चुकीचा मोजला जातो. समज, दुर्बिणीला एक तारा दिसतोय पण तिथे सारख्या उजेडाचे दोन आहेत. ग्रह एकासमोरून गेला. त्या ताऱ्याचा उजेड शेकडा दोन घटला, पण दुसऱ्याचा उजेड त्यात मिसळल्यामुळे आपल्याला शेकडा एकच घट दिसली. त्रिज्या घटीच्या वर्गमुळावरून काढतात, म्हणजे खरा ग्रह आपण मोजला त्याच्या १.४१ पट मोठा. आकारमान २.८ पट. वजन तेवढंच धरलं तर घनता जवळजवळ एक तृतीयांशावर आली. ज्याला आपण खडकाळ म्हणत होतो तो वायूचा निघू शकतो! ग्रह जर त्यातल्या मंद ताऱ्याभोवती असेल तर फरक याहून कितीतरी मोठा.

म्हणून हल्ली प्रत्येक उमेदवार ताऱ्याला आधी हा प्रश्न विचारतात: तू एकटा आहेस का?

सिंदफणा

दादा, समजलं. फुगडीचं तर लगेच समजलं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणली थोरली पोरगी मीच असायची.

देवगिरीकर

विरोध म्हणून नाही, मनापासून लिहितोय. आमच्या भागात मार्च उजाडला की टँकर सुरू होतात. हुशार पोरगं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतंय, त्यानं भूजलावर, जमिनीच्या ओलाव्यावर, सौरपंपावर काम करावं असं मला वाटतं. शेकडो प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाची त्रिज्या दीडपट निघाली काय आणि नाही काय, माझ्या गावच्या विहिरीला काय फरक? हे संशोधन श्रीमंत देशांनी करावं. आपल्या पोरांची दोन वर्षं फार महागाची असतात. आईबाप जमीन गहाण ठेवून शिकवतात, हे विसरू नये.

गोदातीर

देवगिरीकर, तुमची कळकळ खरी आहे, आमच्याही घरात टँकरचं पाणी आहे. पण मी लातुरात रोज जे बघते ते सांगते. इथे राज्यभरातून मुलं येतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवणी, आणि सगळ्यांच्या डोक्यात दोनच वाटा, डॉक्टर किंवा इंजिनिअर. माझ्या मुलाला मी विचारलं, भौतिकशास्त्रातलं तुला काय आवडतं? तो म्हणाला, "आई, आवडायचा प्रश्नच येत नाही, सुटलं पाहिजे." मला त्या रात्री झोप लागली नाही.

वरचा प्रतिसाद त्यानं वाचला आणि वहीत १.४१ चं गणित स्वतः करून पाहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. मग मला विचारत होता की तीन तारे असले तर किती येईल. विहिरीला पाणी लावायचं काम महत्त्वाचंच, पण तेही अशा मुलांकडूनच होणार ना, ज्यांना मोजून बघायची ओढ आहे? सगळ्या पोरांना एकाच कामाला जुंपायचं हे मला पटत नाही.

औंढेकर

देवगिरीकर साहेब, 'श्रीमंत देशांनी करावं' हे आमच्या हिंगोली जिल्ह्यापुरतं तरी जुनं झालं. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया होतंय. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने सुमारे २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. आणि ते मोजणार काय, तर जोडीच! दोन कृष्णविवरं किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती घिरट्या घालत आदळतात तेव्हा अवकाशात उठणारे तरंग. पहिला तरंग १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या यंत्रांनी पकडला होता.

आमच्या भागातली पोरं तिथे फक्त सुरक्षारक्षक आणि ड्रायव्हर म्हणून लागू नयेत, एवढंच माझं म्हणणं. त्यासाठी आत्तापासून कुणीतरी जोडताऱ्यांचं गणित शिकलेलं असायला हवं.

देवगिरीकर

औंढेकर, शेवटच्या वाक्याशी सहमत. पोरांनी शिकू नये असं मी म्हणतच नाही. माझा मुद्दा पूर्णाकाठच्या दोन वर्षांचा आहे. प्रकल्पातून त्याच्या हाताला काय कौशल्य लागेल ते कुणी सांगितलं तर मी ऐकायला तयार आहे.

जुनी_पानं

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक भर घालतो. 'इथे बसून काय मोजणार' हा प्रश्न दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाला पडला नव्हता. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या लष्करातला अभियंता. १८४२ च्या सुमारास त्याने पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा उभारली आणि तिथून जोडतारे मोजत राहिला. त्यातून अडीचशेच्या आतबाहेर जोडताऱ्यांची यादी झाली. पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला.

१८५५ साली मद्रासहून त्याने लिहिलं की भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० ऑफियुकी या जोडताऱ्याची कक्षा गणिताप्रमाणे जुळत नाही, तिथे एखादा ग्रह असण्याची दाट शक्यता आहे. ८८ वर्षांची त्या जोडीची फेरी. दुसऱ्या ताऱ्याजवळ ग्रह असल्याचा वेधांवर आधारलेला हा अगदी सुरुवातीचा दावा, आणि तो भारतातून झालेला, जोडताऱ्यावरूनच! अमेरिकेच्या टी. जे. जे. सी यांनी शतकाच्या शेवटी तोच दावा जास्त जोरात केला. १८९९ साली मोल्टन यांनी गणिताने दाखवलं की तशी रचना टिकूच शकत नाही. ग्रह नव्हताच.

जेकबची तब्येत हवामानाने खालावली. नवी दुर्बीण घेऊन तो परत आला आणि १८६२ साली पुण्यातच वारला. दावा टिकला नाही, पण मला तो माणूस फार मोठा वाटतो. कागदावरचं गणित आणि डोळ्यांनी घेतलेलं माप जुळत नाही, हे त्याने दडपलं नाही.

दुहेरी_कक्षा

जुनी_पानं, फार सुंदर. याचाच दुसरा भाग माझ्याकडे आहे. वृषपर्वा तारकासमूहातला गॅमा सेफी. कॅनडाच्या कॅम्पबेल, वॉकर आणि यांग यांनी १९८८ सालीच, म्हणजे ५१ पेगासीच्या सात वर्षं आधी, त्याच्या हलण्यात ग्रहाची खूण दिसते असं लिहिलं. चार वर्षांनी, ताऱ्याच्या स्वतःच्या पृष्ठभागावरच्या घडामोडींमुळे तसं भासत असेल, अशा शंकेने ते मागे घेतलं. २००३ साली जास्त वेध जमल्यावर ग्रह खराच निघाला, सुमारे अडीच वर्षांची फेरी. आणि तो तारा जोडतारा आहे, साथीदार सरासरी पृथ्वी-सूर्य अंतराच्या वीसेक पट लांब. एकीकडे ग्रह नसताना दिसला, दुसरीकडे असताना सोडावा लागला, आणि दोन्ही ठिकाणी जोडीदार.

इतक्या जवळ साथीदार असताना ग्रह बनला कसा, हे अजून नीट उलगडलेलं नाही. ५० पटींच्या आत साथीदार असलेल्या ताऱ्यांना ग्रह साधारण तिसऱ्या हिश्शाइतकेच सापडतात. साथीदाराच्या ओढीने ग्रह बनवणारी धूळ-वायूची चकती लवकर कातरली जाते, असं आम्ही मानतो. पण जे ग्रह तरीही टिकले, ते का टिकले? मी रोज याच्याच मागे असतो.

सिंदफणा

आणि दोन्ही सूर्य मिळून ज्याला उजेड देतेत असा ग्रह खरंच सापडलाय का? तिथं रात्र कधी होत असल?

दुहेरी_कक्षा

सापडलाय दादा. केपलर-१६ बी, २०११ साली. शनीएवढा. दोन तारे ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि हा ग्रह दोघांभोवती २२९ दिवसांत. तिथून दोन्ही सूर्य आकाशात जवळजवळच राहतील, कारण ते एकमेकांना धरून आहेत. त्यामुळे रात्र आपल्यासारखीच, फक्त मावळताना एक आधी, एक मागून. एक पिवळट, दुसरा छोटा आणि लालसर. सावल्या दोन पडतील, पण लालसर सूर्याची फार फिकी.

२०१२ साली चार ताऱ्यांच्या कुटुंबातला एक ग्रह, केपलर-६४ बी, हौशी लोकांनी घरी बसून, संगणकावर उजेडाचे आलेख डोळ्यांनी चाळून शोधला. आणि टीओआय-१३३८ बी हा दोन सूर्यांचा ग्रह २०१९ साली नासात उन्हाळी प्रशिक्षणाला आलेल्या शाळकरी मुलाच्या नजरेला पहिल्यांदा पडला. गोदातीर ताई, हे मुलाला सांगा.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल वाटलं नव्हतं. देवगिरीकर काकांनी विचारलं तोच माझाही प्रश्न आहे: पाच इंची दुर्बीण, लॅपटॉप, गावचं आकाश. हाताला नेमकं काय लागेल?

तिपाई

इतके दिवस नुसता वाचत होतो, आता माझ्या गल्लीतला प्रश्न आला. मी छत्रपती संभाजीनगरचा, नोकरी बँकेत, रात्री वेध घेतो.

पाच इंच म्हणजे सुमारे १२७ मिलिमीटर. १९९९ साली महाश्वातल्या एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून ग्रह जाताना पहिल्यांदा मोजला गेला, तो सुमारे १० सेंटिमीटरच्या यंत्राने! तुझी दुर्बीण त्याहून मोठी आहे. आणि गंमत बघ, त्या ताऱ्याची क्रांती (म्हणजे आकाशातला अक्षांश) उत्तर १९ अंशांच्या जवळ आहे, बीड-परभणीचे अक्षांशही तेवढेच. तो तुझ्या बरोब्बर डोक्यावरून जातो, जिथे हवेचा थर सगळ्यात पातळ. तेज ७.६ च्या आसपास (तेजाचा आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद), घट शेकडा दीड, फेरी ३.५ दिवसांची, अधिक्रमण तीन तास चालतं. पहिला सराव यावर कर.

दुसरा एचडी १८९७३३, जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी. फेरी २.२ दिवसांची, घट शेकडा दोनाच्या वर, म्हणजे आणखी सोपा. आणि तुझा विषय इथे आपोआप येतो: याला ११ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एक अंधुक तांबडा साथीदार तारा आहे. पाऊस उघडला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी दोन्ही वर असतात.

काही व्यवहारातल्या गोष्टी. तारा थोडा अंधुक, पसरट ठेव, फोकस मुद्दाम हलव, म्हणजे उजेड जास्त पिक्सेलवर पडतो आणि माप स्थिर येतं. अगदी साध्या डीएसएलआरनेही जमतं, हिरव्या रंगाचे पिक्सेल वापरायचे. एका ताऱ्याचं माप घेऊ नकोस, त्याच चौकटीतले आणखी चार-पाच न बदलणारे तारे घे आणि गुणोत्तर काढ, मग पातळ ढगाचा त्रास कमी होतो. डोक्यावरून जाणारा तारा आकाशाची उत्तर-दक्षिण मध्यरेषा ओलांडतो तेव्हा बैठक उलटवावी लागते, ते नेमकं अधिक्रमणाच्या तळाला येणार नाही अशी रात्र निवड. लॅपटॉपचं घड्याळ जीपीएसवर किंवा इंटरनेटवर लाव. आणि अधिक्रमणाच्या आधी तासभर, नंतर तासभर घेतलंच पाहिजे. लोक घट संपली की उठतात, आणि मग घट कुठून मोजायची तेच कळत नाही.

जून ते सप्टेंबर विसर. मार्चपासून धूळ वाढते. गावात ग्रामपंचायतीचा हायमास्ट असेल तर रानात जा.

याचा उपयोग काय, तर सांगतो. समजा एखाद्या ग्रहाची फेरी ३.५ दिवसांची आणि तिच्या मापात एका सेकंदाची चूक आहे. वर्षात शंभरावर फेऱ्या, दहा वर्षांत हजारावर, म्हणजे पुढचं अधिक्रमण सतरा-एक मिनिटं इकडेतिकडे. मोठ्या अवकाश दुर्बिणीचा वेळ त्यात वाया जातो. युरोपच्या 'एरियल' मोहिमेसाठी 'एक्सोक्लॉक' नावाचा प्रकल्प जगभरच्या छोट्या दुर्बिणींकडून या वेळा ताज्या करून घेतो. नासाचा 'एक्सोप्लॅनेट वॉच' आहे. आणि जे अधिक्रमण आपल्या रात्रीत येतं तेव्हा अमेरिकेत दिवस असतो. ते आपणच मोजायचं.

दुहेरी_कक्षा

तिपाईंनी माझं निम्मं काम केलं. मी प्रकल्पाचा आराखडा देतो, तुझ्या सरांना दाखव.

पहिला भाग दुर्बिणीशिवाय. ज्या तेजस्वी ताऱ्यांना ग्रह आहेत त्यांची पन्नास-साठची यादी घे. ताऱ्यांची अंतरं आणि चाल मोजणाऱ्या गाया अवकाशयानाचा २०२२ चा विदासंच (मापांच्या नोंदी) फुकट आहे. प्रत्येक ताऱ्याच्या आजूबाजूचे तारे तपास: ज्याचं अंतर तेच आणि आकाशातली चालही तीच, तो खरा साथीदार. नुसता त्या दिशेला दिसणारा नव्हे. त्यात 'रूवे' नावाचा एक आकडा असतो, तो १.४ च्या वर असेल तर गायालाही न फुटलेला जवळचा साथीदार असण्याचा संशय धर. असे तारे वेगळे काढ.

दुसरा भाग, सापडलेल्या प्रत्येक साथीदारामुळे ग्रहाच्या त्रिज्येत किती फरक पडतो ते काढ. काहींचा आधीच दुरुस्त केलेला असेल, काहींचा नसेल. ही यादीच एक उत्तर आहे.

तिसरा भाग दुर्बिणीचा. टेसचा एक पिक्सेल २१ विकलांचा. एवढ्या जागेत शेजारचे दोन-तीन तारे सहज मिसळतात, आणि कधी कधी उजेड घटतो तो आपल्या ताऱ्याचा नसून शेजारच्या ग्रहणी जोडताऱ्याचा असतो. ग्रह म्हणून ज्याचा गाजावाजा होतो ते दोन ताऱ्यांचं ग्रहण निघतं. पाच इंची दुर्बीण शेजारी तारे वेगळे दाखवते, म्हणून कोण मंदावलं ते सांगू शकते. हे काम जगभर लहान दुर्बिणींवरच चालतं.

विकलेच्या आतले साथीदार मात्र तुला दिसणार नाहीत. त्याला वातावरणाची थरथर काढून टाकणारी यंत्रणा लागते. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर बनवलेल्या 'रोबो-एओ'ने हेच केलं. पालोमारच्या दीड मीटर दुर्बिणीवरून केपलरचे ७१५ उमेदवार तपासले आणि त्यातल्या ५३ जणांजवळ साथीदार सापडले. त्याचा निबंध तुझ्या पहिल्या भागाला आधार म्हणून घे.

देवगिरीकर काका, हाताला काय लागेल ते: पायथॉनमध्ये लाखो नोंदींतून खरं-खोटं वेगळं करणं, मापातली चूक अंदाजणं, आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलमधून शेकडा अर्ध्याइतका फरक विश्वासाने सांगणं. उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा ओलावा मोजणारे लोक हेच कौशल्य वापरतात. माझ्या गटातला एक जण पुढे त्याच कामाला गेला.

देवगिरीकर

हे पटलं. पूर्णाकाठ, कर बाबा. पण दोन्ही दारं उघडी ठेव.

मास्तर_अंबाजोगाई

ज्यांच्याकडे दुर्बीण नाही त्यांच्यासाठी, विशेषतः शाळेच्या पोरांसाठी. ययातीतला मायावती तारा. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचं ग्रहण होतं, कारण तो जोडतारा आहे आणि मंद जोडीदार पुढे येतो. तेज २.१ वरून ३.४ पर्यंत, म्हणजे उजेड तिसऱ्या हिश्शावर. सगळं मिळून दहा तासांचा खेळ. नुसत्या डोळ्यांनी, शेजारच्या देवयानीतल्या गॅमा ताऱ्याशी तुलना करत दर अर्ध्या तासाला अंदाज लिहायचा. १७८३ साली जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या, कानाने ऐकू न येणाऱ्या मुलाने हे इंग्लंडात मोजलं आणि समोरून काहीतरी काळं जातंय असं सुचवलं. अधिक्रमणाची सगळी रीत त्यातूनच वाढली. सिंदफणा, डिसेंबरात पाणी द्यायला रानात असाल तेव्हा वही बरोबर ठेवा.

सिंदफणा

मास्तर, वही ठेवतो. पोरगं आठवीला आहे, त्यालाच लिहायला लावतो. ग्रहणाच्या वेळा कुठं मिळतेत तेवढं टाका.

तिपाई

@सिंदफणा, उजेड बदलणाऱ्या ताऱ्यांचे (चल तारे) वेध घेणाऱ्यांची अमेरिकन संघटना आहे, आवसो, १९११ पासूनची. त्यांच्या पानावर मिळतात, पण वेळ ग्रीनिचची असते, त्यात साडेपाच तास मिळवा. या हिवाळ्याचं वेळापत्रक भारतीय वेळेत करून इथेच टाकतो.

पूर्णाकाठ

सरांना आराखडा दाखवला. पहिला आणि तिसरा भाग त्यांना आवडला, दुसऱ्यासाठी सांख्यिकीच्या मॅडमना भेटायला सांगितलंय. विषयाचं नाव नोंदवलं. तिपाई दादा, एक राहिलं: सपाट चौकटी, म्हणजे कॅमेऱ्यातला असमानपणा काढायला एकसारख्या उजेडाचे फोटो, कसे घ्यायचे? माझ्याकडे उजेडाची पाटी नाही.

तिपाई

पाटी लागत नाही. धुतलेला पांढरा सुती टी-शर्ट दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बांध, सुरकुती नको. सूर्य मावळल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी दुर्बीण डोक्यावर, जरा पूर्वेकडे कर. कॅमेऱ्याची दिशा आणि फोकस रात्री वापरणार तोच ठेव, नंतर हात लावायचा नाही. पिक्सेल निम्मे भरतील इतका वेळ दे, वीस-तीस चौकटी घे. पहिल्या रात्रीच्या चौकटी मला पाठव, दोघं मिळून बघू.